एचआयव्हीचा आकडा कोणत्या जिल्ह्याचा?

नोव्हेंबर संपत आला की जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या बातमीदाराच्या हाती एक तक्ता पडतो. आमच्या वेळी तो जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडून यायचा, म्हणजे सगळे ज्याला ‘डापकू’ म्हणायचे तिथून. तपासणी किती जणांची झाली, पॉझिटिव्ह किती, त्यात गरोदर माता किती, एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नोंद किती, मयत किती. एक डिसेंबरला जागतिक एड्स दिन, त्यामुळे पान तीनवरची जागा ठरलेली आणि मथळाही ठरलेला : जिल्ह्यात इतके नवे रुग्ण, अमुक तालुका आघाडीवर. ‘आघाडीवर’ हा शब्द आम्ही ऊस गाळपाला वापरायचो, दहावीच्या निकालाला वापरायचो आणि यालाही.

एका वर्षी तक्ता तालुकानिहाय मिळाला. ओळखीतून मिळाला, इतर पेपरांकडे नव्हता, म्हणून मी खूष. रंगीत चौकट करून सगळाच्या सगळा छापला. त्यात एका लहान तालुक्यापुढे गरोदर मातांच्या रकान्यात ३ असा आकडा होता. चार दिवसांनी तिथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. म्हणाल्या, “दादा, तुम्ही तीन छापलंत. इथं बाळंतपणाला कोण आलं आणि कुणाला जिल्ह्याला पाठवलं हे सगळ्यांना माहीत असतं. लोकांनी बोटावर मोजून तिघी ठरवल्या. त्यातल्या दोघींचा या आजाराशी काही संबंध नाही. एकीला रक्त कमी म्हणून पाठवली होती, दुसरीचं मूल आडवं होतं.”

मी विचारलं, “आणि तिसरी?”

“तिसरीचं तुम्हाला कशाला सांगू?”

त्या तक्त्यात कुणाचं नाव नव्हतं. आकडा चुकलेला नव्हता. कायद्याच्या भाषेत मी कुणाची ओळख उघड केली नव्हती. तरी तीन घरांत जे व्हायचं ते झालं, आणि पुढचे काही महिने त्या रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या बायका कमी झाल्या, असं ताईंनी नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं.

तेव्हापासून एचआयव्हीची आकडेवारी दिसली की मी आधी दोन गोष्टी शोधतो. हा आकडा नेमका कुठला आहे, आणि तो छापल्याने कुणाच्या दारापर्यंत पोचता येतं. आपल्याकडच्या नोंदीची गोची अशी की पहिला प्रश्न ती नीट सोडवत नाही आणि दुसरा कुणी विचारतच नाही. आजार कुठे आहे हे धूसर, आणि कुणाला आहे हे मात्र गळतं. व्हायला हवं नेमकं उलट. हे उलटं करणं फार खर्चाचंही नाही, म्हणून हा लेख.

मराठीत ‘सर्व्हेलन्स’ला दोन शब्द आहेत. आरोग्य खात्याच्या कागदावर सर्वेक्षण, पोलिसांच्या तोंडी पाळत. एचआयव्हीच्या बाबतीत या दोन शब्दांमधली भिंत किती पातळ असते ते गोव्याने फार लवकर दाखवलं. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात ऐंशीच्या दशकात दुरुस्ती झाली आणि एचआयव्हीबाधित माणसाला वेगळं डांबून ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात विषाणू सापडला. त्याला कुणी बसवून समजावून सांगितलं नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस आले. बंद पडलेल्या एका क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस ठेवलं. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. डॉमिनिक सुटला, पण विलगीकरणाची तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. पुढे त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो वारला.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलंय; मला त्यातला एकच धागा हवा आहे. डॉमिनिकचं नाव पोलिसांकडे कुठून गेलं? रक्तपेढीच्या नोंदीतून. म्हणजे स्वतःहून, परोपकार म्हणून रक्त द्यायला आलेला माणूस ज्या वहीत नाव लिहून गेला, त्याच वहीने त्याला पकडून दिलं. त्या वर्षी गोव्यात रक्त द्यायला जाणाऱ्याच्या मनात काय आलं असेल? विषाणू शोधायची जी साधी, स्वस्त वाट होती तिच्यावरच सरकारने काटे पसरले.

सुदैवाने देशपातळीवर दुसरी वाट निवडली गेली. १९८६ मध्ये चेन्नईत पहिली लागण सापडली, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली आणि १९९८ पासून नियमित ‘सेंटिनल’ सर्वेक्षण सुरू झालं. सेंटिनल म्हणजे पहारेकरी. प्रत्येक माणसाच्या मागे न लागता ठरावीक जागी चौकी बसवायची आणि तिथून जाणाऱ्यांवरून परिसराचा अंदाज घ्यायचा. चौकी कुठे? गरोदर मातांच्या बाह्यरुग्ण विभागात, गुप्तरोगाच्या दवाखान्यात, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या प्रकल्पांत. १९९८ मध्ये अशा पावणेदोनशेच्या आसपास चौक्या होत्या, २००६ पर्यंत त्या हजाराच्या वर गेल्या. पश्चिम भारतातल्या चौक्यांवर देखरेख पुण्यातल्या भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे, आपल्या ‘नारी’कडे होती.

गरोदर मातांची चौकी कशी चालायची ते सांगण्यासारखं आहे. तीन महिन्यांत ओळीने येणाऱ्या ४०० बायका. सिफिलिसच्या तपासणीसाठी रक्त काढलेलंच असायचं. त्यातलं उरलेलं वेगळ्या कुपीत घ्यायचं, नाव-नंबर पुसायचा आणि मग एचआयव्ही तपासायचा. कुपीसोबत एक फॉर्म जायचा. वय, शिक्षण, कितवं बाळंतपण, राहणं गावात की शहरात, नवऱ्याचा धंदा, आणि एक प्रश्न फार बोलका : नवरा कामासाठी सहा महिन्यांहून जास्त बाहेरगावी एकटा राहतो का? बाईचं नाव नाही, पण तिच्या संसाराची रेघ फॉर्मवर उमटलेली.

या पद्धतीत एक नैतिक काटा होता आणि तो लपवायचं कारण नाही. चारशेतली एक कुपी पॉझिटिव्ह आली, तर ती कुणाची हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्या बाईलाही नाही. शास्त्राला कळलं, तिला नाही कळलं. गरोदर मातांना तपासून औषध देण्याचा कार्यक्रम पसरला तसा हा काटा बोथट झाला, कारण तीच बाई त्याच दवाखान्यात संमतीने, नावानिशी वेगळी तपासली जाऊ लागली. पण सुरुवातीच्या वर्षांत आपण ती किंमत जाणूनबुजून मोजली. नावाला हात लावायचा नाही, या एका शब्दाखातर मोजली. आज कुणी सहजच म्हणतो, ‘सगळ्यांची नावं नोंदवा, म्हणजे प्रश्न मिटेल’, तेव्हा मला ती कुपी आठवते.

आता आकड्यांकडे. चारशेत एक बाई पॉझिटिव्ह आली तर प्रमाण होतं ०.२५ टक्के. पुढच्या फेरीत दोन आल्या तर ०.५०. बातमीदाराच्या हातात ही टक्केवारी पडली की मथळा तयार : ‘जिल्ह्यात एचआयव्हीचं प्रमाण दुप्पट’. हिशेब बरोबर, अर्थ शून्य. कारण ती दुसरी बाई योगायोगाने त्या तीन महिन्यांत आली असेल. एड्स नियंत्रणाचा तिसरा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला तेव्हा देशातल्या जिल्ह्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी केली गेली. गेल्या तीन वर्षांत कुठल्याही एका गरोदर मातांच्या चौकीवर एक टक्क्याहून जास्त लागण दिसली की जिल्हा ‘अ’ वर्गात. ४०० मध्ये एक टक्क्याहून जास्त म्हणजे किती? पाच बायका. तीन वर्षांत एकदा, एका दवाखान्यात, पाच. अशा देशभरातल्या १५६ जिल्ह्यांना ‘अ’चा शिक्का बसला आणि त्यात महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे होते. पैसा कुठे आधी पाठवायचा हे ठरवायला हा निकष ठीक होता, त्या घडीला दुसरं हातात काही नव्हतं. पण तो अंतर्गत शिक्का बाहेर आला आणि ‘एड्सचे जिल्हे’ अशी यादी झाली. सोयरिकी जुळवणारे मध्यस्थसुद्धा तिची आठवण काढायचे, हे मी कानाने ऐकलंय.

चौकीवरून देशाचा अंदाज बांधताना काय होतं त्याचा धडा २००७ मध्ये मिळाला. तोवर भारतात ५० लाखांहून जास्त बाधित आहेत असं सरकार सांगत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचा आकडा त्याहून मोठा, ५७ लाखांचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्याही पुढे. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन एक लाखावर लोकांचं रक्त तपासलं गेलं, चौक्याही वाढल्या होत्या, आणि जुलै २००७ मध्ये नवा अंदाज जाहीर झाला : सुमारे २५ लाख. एका पत्रकार परिषदेत निम्मी साथ गायब. त्याआधीच आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात अशीच वस्तीपातळीवरची पाहणी झाली होती आणि चौक्यांवरून काढलेला आकडा प्रत्यक्षाच्या अडीच पट निघाला होता. कारण गूढ नव्हतं. सरकारी दवाखान्यात गरीब जास्त येतात, आणि खासगीवाले ज्यांना हात लावायला तयार नसतात ते पॉझिटिव्ह पेशंट तिथेच पाठवले जातात. चौकीवर त्यांची दाटी होते आणि आपण ती दाटी सगळ्या जिल्ह्यावर पसरवून गुणाकार करतो.

‘पाठवले जातात’ हे दोन शब्द आपल्याकडच्या सगळ्या प्रादेशिक आकडेवारीच्या मुळाशी आहेत. सांगली जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. या जिल्ह्याचं नाव एचआयव्हीच्या यादीत वर्षानुवर्षं वर असायचं. त्यात खरं किती आणि मिरजेचं किती? मिरज हे दवाखान्यांचं गाव. बेळगाव, विजापूरपासूनचे पेशंट गाडी पकडून मिरज जंक्शनला उतरतात; कानडी बोलणारे नातेवाईक तिथल्या प्रत्येक वॉर्डाबाहेर डबा उघडून बसलेले दिसतात. त्यांच्यातल्या कुणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती नोंद मिरजेच्या सेंटरची, म्हणजे सांगली जिल्ह्याची, म्हणजे महाराष्ट्राची. माणूस कर्नाटकातल्या अथणीचा. हे म्हटल्यावर सांगलीतली साथ खोटी होती असं कुणी ऐकू नये. ती खरी होती, आणि ती खरी होती म्हणूनच मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेचं काम १९९२ पासून तिथे उभं राहिलं, देहविक्री करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या संघटनेतून निरोधवाटप हातात घेतलं. पण खरी किती आणि आलेली किती, हे तक्ता बघून कळायचं नाही. आजही कळत नाही.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. बीडमधली जोडपी दिवाळीनंतर टोळीबरोबर निघतात, कोल्हापूर-सांगलीच्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. एखादी बाई तिकडे फडात असताना सहाव्या महिन्यात तपासली गेली, बाळंत झाली गावी, आणि गोळ्या तिसऱ्याच ठिकाणाहून घेते. ती कुठल्या जिल्ह्याची? तिन्ही तक्त्यांत ती असू शकते. एकाही तक्त्यात ती बीडची म्हणून नसूही शकते. मुंबईची गोष्ट याहून गुंतागुंतीची. शहराची एड्स नियंत्रण संस्था राज्याच्या संस्थेपासून वेगळी, अहवाल वेगळे. आणि विरार-कल्याणचा माणूस जेजे किंवा सायनला जातो, कारण तिथल्या गर्दीत कुणी ओळखत नाही. ठाण्यातून पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्या आधीच्या आणि नंतरच्या ठाण्याची तुलना करून ‘एचआयव्ही घटला’ म्हणणारा भेटला, तर त्याला एवढीच तारीख सांगावी.

ओळख नको म्हणून लांब जाणं, हे या आजारात अपवाद नाही, रीत आहे. एआरटी सेंटरला प्रत्येक पेशंटचं पांढरं कार्ड सेंटरमध्येच राहतं आणि हिरवं पुस्तक पेशंटच्या हाती देतात. ते हिरवं पुस्तक घरी कुठे ठेवायचं हा संसारातला खरा प्रश्न असतो. मी बघितलेल्या एका बाईंनी त्याला पोथीसारखं कापड शिवलं होतं. गोळ्यांची बाटली पिशवीत वाजते म्हणून आत कापूस भरतात, वरचा कागद नखाने सोलून टाकतात. एवढं सांभाळणारा माणूस आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे मावसभाऊ वॉर्डबॉय आहे, तिथे तपासायला जाईल? तो शंभर किलोमीटर लांब जातो आणि तिथला आकडा एकाने वाढवतो. मग आपण म्हणतो, तो जिल्हा ‘आघाडीवर’.

बेरजेतली काळाची भानगडही अशीच. जुलै २०२४ मध्ये त्रिपुरातली एक बातमी देशभर फिरली : ८२८ विद्यार्थी एचआयव्हीबाधित, ४७ मृत्यू. मोबाइलवर ती माझ्याकडेच चार गटांतून आली, प्रत्येक वेळी ‘आजची तरुण पिढी’ या शोकासकट. नंतर खुलासा झाला की हा आकडा एप्रिल २००७ ते मे २०२४ असा सतरा वर्षांचा एकत्रित होता. खुलासा मात्र चार गटांतून आला नाही. त्रिपुरात सुईने नशा करणाऱ्या मुलांमध्ये लागण आहे हे खरंच, काळजीचं आहे. पण ती यंदाची आहे की २०१२ मधली हे कळल्याशिवाय त्यावर करायचं काय?

मराठी वाचकाला दुसरी एक ओळ दरवर्षी वाचायला मिळते : बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला. नाकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात २४ लाख बाधित, त्यातले ३.९४ लाख महाराष्ट्रात. पहिला खरा. पण महाराष्ट्राची लोकसंख्या बघा, आणि मग त्याच अहवालातलं मिझोरम बघा : प्रौढांतलं प्रमाण २.७० टक्के, देशाच्या ०.२१ टक्क्याच्या तेरा पट. छेद न देता अंश छापायची ही सवय आम्हा पत्रकारांची; त्याचं खापर अधिकाऱ्यांवर फोडता येणार नाही. आणखी एक गंमत अशी की ३.९४ लाखांतल्या कितीतरी जणांचं त्या आकड्यात असणं ही चांगली बातमी आहे. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जेजेसह आठ ठिकाणी सुरू झाली. त्याआधी जी माणसं दोन-तीन वर्षांत जायची ती आज नातवंडं खेळवतात. माणसं जगली की एकूण आकडा फुगतो. मोजायला हवी ती नवी लागण. तक्त्यात मात्र ‘नवे रुग्ण’ म्हणजे यंदा ज्यांना कळलं ते. लागण दहा वर्षं जुनी असू शकते.

एवढा गोंधळ असेल तर आकडे जाहीरच करू नयेत, असं म्हणणारे माझे काही मित्र चळवळीत आहेत. त्यांचा राग मला समजतो, मार्ग पटत नाही. आकडा नसता तर सांगलीला निरोधही गेले नसते आणि एआरटी सेंटरही. कुठल्या तालुक्याच्या गावी गोळ्या ठेवल्या म्हणजे पेशंटची एक दिवसाची मजुरी वाचेल, हे ठरवायला जागेची माहिती लागतेच. झाकलेल्या आकड्यांच्या जागी अफवा येते. ती छेद देत नाही, अंशही देत नाही.

दुसरी बाजू डॉक्टर मित्रांची. ती जास्त वजनदार आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. ते म्हणतात, क्षयरोग २०१२ मध्ये सक्तीच्या नोंदीचा आजार केला, खासगी डॉक्टरांना पेशंट कळवणं बंधनकारक केलं, मग एचआयव्ही का नको? खासगी लॅबमध्ये किती पॉझिटिव्ह निघतात याचा सरकारला पत्ता नसतो. एकच माणूस तीन लॅबमध्ये तपासतो, तीनदा मोजला जातो किंवा एकदाही नाही. नाव असेल तर दुबार नोंद टळेल, उपचार सोडणाऱ्याला शोधता येईल. अमेरिकेतही राज्याराज्यांत नाव की सांकेतिक क्रमांक यावर वर्षानुवर्षं वाद झाला आणि २००८ पर्यंत सगळी राज्यं नावानिशी नोंदीवर आली, हा दाखला ते हटकून देतात.

दुबार नोंदीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण क्षयाची तुलना मला पटत नाही. साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो, फाइल बंद होते; नाव यादीत राहिलं तरी त्या यादीने पुढे कुणाचं लग्न मोडत नाही. एचआयव्हीची फाइल मरेपर्यंत उघडी. आणि आपल्या संस्थांनी नाव हातात आल्यावर काय केलंय याचा इतिहास फार जुना नाही. नव्वदच्या दशकात एका डॉक्टरचा अहवाल रुग्णालयाकडून बाहेर गेला, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. तिकडे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराला केवळ बाधित म्हणून काम नाकारल्याचं प्रकरण आलं तेव्हा न्यायालयाने त्याला न्याय दिलाच, शिवाय त्याचं नाव निकालपत्रातही येऊ दिलं नाही. तो कायद्याच्या पुस्तकांत ‘एमएक्स’ आहे. एकाच वर्षाच्या अंतरातले हे दोन निकाल. नावाचं काय होईल हे कुठल्या दारात उभे आहात यावर अवलंबून.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, हे बरंच निस्तरलं. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय वाच्यता नाही, गोपनीयता मोडली तर एक लाखापर्यंत दंड. सर्वेक्षणासाठी संमतीची अट शिथिल आहे, पण तपासणी निनावी असेल तरच. कायद्याने दोन शब्दांमधली भिंत बांधली : सर्वेक्षण करा, पाळत नको. कागदावर भिंत पक्की आहे. वॉर्डात? एका मोठ्या रुग्णालयात नातेवाइकाच्या उशाशी दहा दिवस काढले तेव्हा मी पाहिलंय, शेजारच्या खाटेच्या केसपेपरवर लाल शाईने मोठं वर्तुळ केलं होतं. कसलं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. चहावाल्या पोरालाही ठाऊक होतं. अशा घरात नावांची आणखी एक यादी, तीही खासगी लॅबपासून मंत्रालयापर्यंत जाणारी, तयार करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय यात एक हिशेबाचा मुद्दा आहे. नाकोच्याच अंदाजाप्रमाणे देशातल्या बाधितांपैकी साधारण पाचातल्या एकाला आपल्याला लागण आहे हे ठाऊक नाही. सगळं सर्वेक्षण, सगळे उपचार त्या पाचव्या माणसाने आपणहून दार ठोठावण्यावर अडलेत. मेघालयात जुलै २०२५ मध्ये आकडे वाढल्यावर लग्नापूर्वी सक्तीच्या तपासणीचा विचार मंत्र्यांनी बोलून दाखवला. गोव्यातही काही वर्षांपूर्वी तसाच विचार झाला होता. आकडा वाढला की सक्ती आठवते, आणि सक्ती आली की पाचवा माणूस शेजारच्या राज्यात जातो. त्याचा आकडा तिकडे.

तेव्हा खासगी लॅबकडून माहिती घ्याच, पण नावाशिवाय : वय, लिंग, राहण्याचा जिल्हा आणि एक सांकेतिक क्रमांक. दुबार नोंद क्रमांकाने टळते. उपचार सोडणाऱ्याला शोधायचं काम एआरटी सेंटरचं, जिथे नाव त्याने स्वतः, गोळीच्या बदल्यात, विश्वासाने दिलंय. ते तिथेच राहू द्या. जिल्ह्याचा तक्ता काढताना माणूस जिथला आहे तिथे मोजा, तपासला तिथे नको. किती तपासले तो छेद शेजारी छापा. तालुका छापूच नका, आणि जिल्ह्याच्या तक्त्यातही कुठल्या रकान्यात पाचाहून कमी माणसं असतील तर तिथे ‘पाचपेक्षा कमी’ एवढंच लिहा. बऱ्याच देशांत जनगणना करणारे अशी काळजी घेतात. आमच्या चौकटीतल्या त्या ‘३’च्या जागी हे दोन शब्द असते, तर रक्त कमी असलेल्या त्या बाईचं बाळंतपण निदान माहेरी झालं असतं.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या कार्यालयातल्या नव्या पोराने तक्ता आणला, तालुकानिहाय. मी आता पानं लावायचं काम करतो. चौकट काढून टाकली, तेवढ्या जागेत ऊसदराची बैठक भरली. तो खट्टू झाला, म्हणून त्याला म्हटलं, जिल्हा कार्यालयाला फोन कर आणि विचार, यातले आपल्या जिल्ह्यात राहणारे किती आणि बाहेरून आलेले किती. पंधरा मिनिटांनी तो परत आला. म्हणाला, “सर, पत्ता त्यांच्या रजिस्टरात आहे. पण बेरीज सेंटरप्रमाणेच करतात. तक्त्यात तो रकानाच नाही.”